दूरच्या पुस्तकांचा शेजार

तुकोबांची गाथा, म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र', विनोबांची 'गीताप्रवचने', साने गुरुजींची 'श्यामची आई', संत बहिणाबाईंचे अभंग, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आणि नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' ही पुस्तके एकाच ग्रंथालयात असली तरी एकमेकांशेजारी येण्याचा संभव फार थोडा. मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला 891.46 हा क्रमांक आहे, हिंदू धर्माला 294.5, बौद्ध धर्माला 294.3, चरित्रांना 920 आणि कामगारांच्या प्रश्नांना 331. एवढ्या अंतरावर उभी असलेली पुस्तके एका फेरीत हाती येत नाहीत. या व्यवस्थेत चूक काही नाही. तिच्यावाचून हवे ते पुस्तक सापडणारही नाही. पण वाचकाच्या मनात पुस्तके क्रमांकांनी राहत नाहीत. तिथे एक पुस्तक दुसऱ्याला ओढून आणते ते एखाद्या गावावरून, आडनावावरून, रस्त्यावरून, तुरुंगावरून, कधी दोन पुस्तकांवर पडलेल्या एकाच हस्ताक्षरावरून. या संग्रहातले लेख अशा ओढीतून आले आहेत, आणि आकुर्डी हे त्यांचे उभे राहण्याचे ठिकाण आहे. या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. वाचनातली अशी सैल, खासगी साहचर्ये ही नुसती मनाची भटकंती नसते. विषयवार वाचनाला जे दिसत नाही ते ती दाखवू शकतात. अट एवढीच, की दुवा सुचला कसा हे वाचकाचे खासगी असले तरी तो टिकतो की नाही हे कोणालाही तपासता आले पाहिजे.

ही वाट मराठीत नवी नाही. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी'ला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पुस्तकांवरून पुस्तकांकडे, मित्रांवरून कवितेकडे, प्रवासावरून ग्रंथाकडे जाणाऱ्या लेखनाला प्रतिष्ठा मिळाली. जयप्रकाश सावंतांचे 'पुस्तकनाद' आणि नीतीन रिंढे यांचे 'लीळा पुस्तकांच्या' याच वाटेवरची. पण या रीतीचे मूळ शोधायला ग्रंथप्रेमींच्या लेखनापर्यंतच थांबायचे कारण नाही. वारकरी कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि तो उलगडताना ज्ञानेश्वरीतली ओवी, एकनाथी भागवतातले वचन, नामदेवांचा किंवा चोखोबांचा अभंग प्रमाण म्हणून आणून लावतो. शतकांचे अंतर असलेले, वेगवेगळ्या प्रसंगी आणि वेगवेगळ्या जातींच्या तोंडून आलेले शब्द एका रात्रीत एकत्र बसतात. कोणते प्रमाण कुठे लावायचे हे कोणत्याही सूचीत लिहिलेले नसते. ते कीर्तनकाराच्या पाठांतरातून आणि त्या क्षणाच्या स्मरणातून येते. म्हणजे सुचणे पूर्णपणे खासगी. पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांना ते अभंग पाठ असतात. प्रमाण जुळले तर टाळकरी ते उचलतात आणि म्हणू लागतात. जुळले नाही तर ते उसने आणलेले आहे हे जाणत्या श्रोत्याला लगेच कळते. सैलपणाला तपासणीची जोड कशी द्यायची याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

आठवण कशी जुळते याचा विचार करणाऱ्यांनीही या सैलपणाला कमी लेखलेले नाही. डेव्हिड ह्यूम यांनी 1748 च्या ग्रंथात कल्पनांना जोडणारी तीन तत्त्वे सांगितली: साम्य, स्थळकाळाची जवळीक आणि कार्यकारणभाव. मांडणी नेटकी आहे, म्हणूनच ती शाळा-कॉलेजांत पोचली. त्याच्या कितीतरी शतके आधी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मरणाची निमित्ते मोजली आहेत, आणि ती पंचवीसहून अधिक आहेत. सादृश्य, संबंध, आनंतर्य ही तर आहेतच. पण त्यांच्याबरोबर वियोग, विरोध, सुख, दुःख, भय, इच्छा, द्वेष, आश्रय आणि आश्रित, एकाच कामात गुंतलेले असणे, अशीही निमित्ते आहेत. ही यादी ह्यूम यांच्या तीन तत्त्वांइतकी सुबक नाही, पण वाचणाऱ्याच्या मनाशी ती अधिक प्रामाणिक वाटते. एक पुस्तक दुसऱ्याची आठवण देते ते दोघांचा विषय एक आहे म्हणूनच असे नाही. एकाच्या विरोधात दुसरे उभे असते, एक दुसऱ्याच्या आश्रयाने जगलेले असते, किंवा दोघांमागे एकाच प्रकारचे काम असते. 'एककार्य' हे निमित्त पुढे महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे.

आता आकुर्डी. पुणे-लोणावळा लोहमार्गावर चिंचवड आणि देहूरोड यांच्या मधले हे स्टेशन. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून जातो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून पुढच्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते आणि मग पुण्याकडे जाते. याच गावात बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला. चेतक स्कूटर इथली. 2007 मध्ये तिथले उत्पादन थांबले, तरी कंपनीचे नाव आणि मुख्यालय गावाशी जोडलेले राहिले. देहू, आळंदी, चाकण, तळेगाव, चिंचवड ही सगळी ठिकाणे वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत. एवढ्या थोड्या जागेत संतवाङ्मय, पोथ्या, क्रांतिकारकांचे घर, लष्करी छावणी आणि यंत्रांची वसाहत जवळजवळ आलेली असल्यामुळे इथून निघणारी साहचर्ये दाट आहेत. त्यातली सगळी उपयोगाची नाहीत. उपयोगाची कोणती आणि का, हे एका लांब साखळीवरून पाहू.

बजाज हे नाव आकुर्डीत कारखान्याचे आहे. मराठी ग्रंथांच्या इतिहासात ते जमनालाल बजाज यांचे आहे. गांधीजींनी पुत्र मानलेले, वर्ध्याचे हे व्यापारी 1932 मध्ये सत्याग्रही कैदी म्हणून धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथेच विनोबा होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932 या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारी विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ती प्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात याचे कारण त्याच तुरुंगात साने गुरुजी होते आणि ते बोलण्याच्या वेगाने लिहून घेत होते. विनोबांनी नंतर तो मजकूर नजरेखालून घातला, पण मूळ हात गुरुजींचा. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच हाताने 'श्यामची आई' लिहिली. एक गीतेवरचे निरूपण, दुसरे कोकणातल्या आईच्या आठवणी; ग्रंथालयात ही दोन पुस्तके कधी शेजारी येणार नाहीत. पण एकदा हात ओळखला की दुसऱ्या पुस्तकाची रचना वेगळी दिसू लागते. 'श्यामची आई' प्रकरणांत नाही, रात्रींत विभागलेली आहे. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. ठरलेल्या वेळी एकाने बोलायचे, इतरांनी भोवती बसून ऐकायचे, एका बैठकीत एक विषय पुरा करायचा, हा घाट अठरा रविवार ऐकण्यात आणि लिहिण्यात घालवलेल्या माणसाच्या हातून आला आहे. धुळ्यामुळे नाशिकचे पुस्तक घडले असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि आश्रमातल्या सायंप्रार्थनेचा घाट गुरुजींना त्याआधीही माहीत असणार. पण 'श्यामची आई'त श्रोते एवढे महत्त्वाचे का आहेत, ते मध्येच का बोलतात, कोण आला आणि कोण आला नाही याची नोंद का होते, हे प्रश्न भावनेच्या भरात हरवून जातात. लेखनिक गुरुजी समोर असले की ते पुन्हा दिसतात.

ही साखळी इथे थांबत नाही, आणि तिचे पुढचे टोक पुन्हा याच परिसरात येते. ऐकून लिहिणारा माणूस म्हटले की चाकणचे संताजी जगनाडे आठवतात. तेल्याच्या घरात जन्मलेले, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक मानले गेलेले संताजी अभंग वहीत उतरवून घेत असत. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. वि. ल. भाव्यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून गाथा छापली. त्याआधी 1869 मध्ये सरकारी साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला खंड निघाला, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या पोथ्या ताडून पाहिल्या होत्या. म्हणजे आज चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांच्या पत्त्यांत जी गावे येतात, त्यांपैकी कित्येक गावांना गाथेच्या पाठांच्या इतिहासातही जागा आहे. आणखी मागे गेले की नेवासे: 1290 मध्ये ज्ञानदेव बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते, याची नोंद ज्ञानेश्वरीच्या शेवटी आहे. त्याच्याही थोडे आधी, ऋद्धिपूरला, म्हाइंभट चक्रधरांच्या लीळा गोळा करत होते.

संताजी आणि साने गुरुजी यांचा एकमेकांशी इतिहासाने काहीही संबंध नाही. त्यांना एकत्र आणणारे निमित्त न्यायसूत्रांतले 'एककार्य' आहे, आणि ते मनात आले कंपनीच्या नावावरून. तरीही या दुव्याने जे दाखवले ते आकुर्डी न पाहिलेल्या वाचकालाही तपासता येते: मराठीतली काही सर्वांत जिवंत पुस्तके लिहिणाऱ्याने लिहिलेली नाहीत, ऐकणाऱ्याने लिहिलेली आहेत. एकदा हे ध्यानात आले की या पुस्तकांतले फरक अधिक स्पष्ट होतात, आणि मला तो लाभ साम्यापेक्षाही मोठा वाटतो. म्हाइंभटांनी स्वतः ऐकलेले थोडे; चक्रधर निघून गेल्यावर ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते अशांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून त्यांनी लीळा लिहिल्या. म्हणून तिथे प्रसंग कुठे घडला, कोण हजर होते, याला अतोनात महत्त्व आहे. संताजींपुढे छंद होता. अभंग गायला जातो, त्यामुळे तो लिहिण्याआधीच पाठ होतो, आणि म्हणूनच निरनिराळ्या पोथ्यांत त्याचे पाठ निरनिराळे होतात. सच्चिदानंदबाबांपुढे ओवी होती आणि सांगणारा समोर होता. गुरुजींपुढे गद्य होते, बोलण्याचे गद्य, ज्याला छंदाचा आधार नाही. ते निसटू नये म्हणून वेग हवा. चार लेखनिक, चार प्रकारची जबाबदारी. 'गीताप्रवचने' वाचताना वाक्ये एवढी लहान का, दृष्टांत एवढे हाताशी असलेले का, याचे उत्तर विनोबांच्या स्वभावात आहे तसे ते लिहून घेणाऱ्याच्या लेखणीतही शोधावे लागेल. या संग्रहातला सर्वांत मोठा लेख याच शोधाचा आहे.

दुसरी साखळी रेल्वेच्या एका स्टेशनाएवढी लांब आहे. आकुर्डीच्या पुढचे स्टेशन देहूरोड. तिथे 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे होती आणि 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम चालू होते. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्ध होता, असे मत बाबासाहेबांनी त्या प्रसंगी मांडले. ज्या गावाच्या नावाचे हे स्टेशन, ते देहू तुकोबांचे. बाबासाहेबांच्या लेखनात तुकोबा आधीपासून होते: 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या 'मूकनायक'च्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता, आणि 1927 मध्ये सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'च्या शीर्षस्थानी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई शिऊरकर पतीसह देहूला येऊन राहिल्या. त्यांच्या अभंगांत ब्राह्मण कोणाला म्हणावे याची जी चिकित्सा आहे ती 'वज्रसूची'च्या आधाराने केलेली आहे. जन्मावरून ठरणारे श्रेष्ठत्व एकेका युक्तिवादाने खोडून काढणारा हा ग्रंथ बौद्ध परंपरेत अश्वघोषाच्या नावावर सांगितला जातो. म्हणजे सतराव्या शतकातल्या देहूत, एका ब्राह्मण स्त्रीच्या मराठी अभंगांत, बौद्ध परंपरेशी नाते सांगणारा युक्तिवाद आलेला आहे, आणि त्याच देहूच्या नावाच्या वसाहतीत तीन शतकांनी बुद्धमूर्ती आली. हा योग आहे, कार्यकारण नाही. तरी या योगामुळे वाचकापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो: वारकरी अभंग आणि बौद्ध विचार यांचे नाते बाबासाहेबांनी बाहेरून लावले, की ते आत कुठेतरी होतेच? विठ्ठलाच्या मूळ रूपाबद्दल रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (1984) मध्ये जैन, बौद्ध आणि गोपजनांच्या परंपरांचा जो विचार केला आहे तो मूर्तीच्या बाजूने आहे. बहिणाबाईंचे अभंग तोच प्रश्न ग्रंथाच्या बाजूने विचारू देतात. विठ्ठल बुद्ध होता की नाही याचा निकाल बहिणाबाई देत नाहीत. पण जातिश्रेष्ठत्वाच्या खंडनाला देहूत कोणते साहित्य उपलब्ध होते, हे त्या नक्की सांगतात.

या रीतीवर पहिला आक्षेप असा येईल की अशाने काहीही कशालाही जोडता येते. आक्षेप खरा आहे, आणि तो नाकारण्यापेक्षा दुवे फेकून देऊन दाखवणे बरे. चेतक हे नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. त्या घोड्यामुळे हिंदी वाचकाला श्यामनारायण पांडेय यांचे 'हल्दीघाटी' काव्य आठवते. म्हणून आकुर्डीची स्कूटर आणि ते काव्य यांवर एक लेख लिहिता येईल. तो लिहिलेला नाही. कारण हा दुवा मान्य केल्यावर ना त्या काव्यातली एखादी ओळ वेगळी वाचली जाते, ना स्कूटरचा इतिहास अधिक कळतो. नाव एक आहे, एवढेच. तसेच 1954 या वर्षाचे. देहूरोडला बुद्धमूर्ती बसली त्याच वर्षी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. वर्ष एक, अंतर काही किलोमीटरचे, आणि विज्ञाननिष्ठा हा शब्द दोन्हीकडे घालून सुंदर वाक्य तयार होते. पण वाक्य सुंदर होणे म्हणजे दुवा सापडणे नव्हे. कोणताही माणूस, कागद किंवा युक्तिवाद इथे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेला नाही. साम्याचे दुवे तर याहून फसवे असतात. राम गणेश गडकऱ्यांना महाराष्ट्राचे शेक्सपिअर म्हटल्याने गडकऱ्यांचा मान वाढतो असे वाटते, पण 'एकच प्याला'मधल्या सिंधूचे दुःख शेक्सपिअरच्या कोणत्याही नायिकेजवळ ठेवून अधिक कळत नाही. आणि शेक्सपिअर वाचताना तर गडकरी कोणाला आठवतही नाहीत. वाहतूक एकाच दिशेने आहे. माझी कसोटी ही: दुवा लावल्यावर दोन्ही पुस्तकांकडे परत जावेसे वाटले पाहिजे, दोन्हींत आधी न दिसलेले काही दिसले पाहिजे, आणि ते पानावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. 'गीताप्रवचने' आणि 'श्यामची आई' या कसोटीला उतरतात. चेतक उतरत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा असतो, आणि तो अधिक वजनदार आहे. प्रत्येक पुस्तक त्याच्या काळात, त्याच्या संप्रदायात, त्याच्या श्रोत्यांत ठेवून वाचावे. वाचकाच्या सोयीने ते उचलून दुसरीकडे नेले की त्याचा अर्थ मोडतो. एकोणिसाव्या शतकात तुकोबांना प्रार्थना समाजाने आपल्या सुधारणेच्या प्रकाशात वाचले, मिशनऱ्यांनी आपल्या, आणि दोघांनी तुकोबांतले बरेच काही बाजूला सारले, हे खरे. पण याच काळातले एक उदाहरण या आक्षेपाला पुरे पडू देत नाही. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियनाने नवा करार वाचायला दिला. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि आपण ख्रिस्तापर्यंत तुकोबांच्या वाटेने पोचलो असे त्यांचे सांगणे होते. यापेक्षा खासगी दुवा कोणता असेल? डब्यातला अनोळखी माणूस, लहानपणापासून कानावर असलेले अभंग, आणि दोन पुस्तकांची एका मनात पडलेली गाठ. तिच्यातून ख्रिस्ती मराठी अभंग आले, ओवीत 'ख्रिस्तायन' सुरू झाले, आणि ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्या दुव्याने तुकोबांचा ऐतिहासिक अर्थ बदलला नाही. तुकोबा होते तिथेच राहिले. पण मराठी अभंगाला काय पेलते हे त्याने दाखवले, आणि ते संप्रदायात बसून कळले नसते. संदर्भ जपणे आणि दुवा जोडणे ही एकमेकांविरुद्धची कामे नाहीत. संदर्भ नीट ठाऊक असेल तरच दुवा किती ताणला गेला हे कळते. म्हणून या संग्रहात प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला पुस्तक कधी, कुठे आणि कोणासाठी झाले हे सांगितले आहे, मग ते दुसऱ्याजवळ नेले आहे.

तिसरा आक्षेप वाचकाच्या अहंकाराचा. अशा लेखनात पुस्तके बाजूला राहतात आणि वाचणारा मोठा होतो. त्यातून गावाचा अभिमान मिसळला तर विचारायलाच नको. हा धोका मला सर्वांत अधिक जाणवतो. त्यावर एक उपाय आबी वार्बुर्ग यांच्या ग्रंथालयातून घेता येतो. हँबुर्गमध्ये त्यांनी उभे केलेले आणि 1933 मध्ये नाझी राजवटीपासून वाचवण्यासाठी लंडनला हलवलेले हे ग्रंथालय चांगल्या शेजाराच्या तत्त्वावर मांडले होते: आपण शोधायला जातो ते पुस्तक उपयोगी असतेच, पण आपल्याला खरोखर हवे असलेले पुस्तक पुष्कळदा त्याच्या शेजारी, अनोळखी, उभे असते. ही मांडणी वार्बुर्ग यांच्या मनातून आली होती, तरी एकदा कपाटात लागल्यावर ती त्यांची राहिली नाही. दुसरे अभ्यासक तिथे आले, त्यांनी शेजार वापरला, काही पुस्तके हलवली. दुवा मनातून कपाटात आला की तो वापरणाऱ्यांच्या मालकीचा होतो. आकुर्डीचे या संग्रहातले काम एवढेच आहे. ते कपाट आहे, विषय नाही. 'ज्ञानेश्वरी'चे मोठेपण आकुर्डीपासून आळंदी जवळ असण्यावर अवलंबून नाही, आणि बुलढाण्यात किंवा बेळगावात बसलेल्या वाचकाला त्याच्या गावातून वेगळे शेजार सापडतील. तळेगावला राहून गो. नी. दांडेकरांनी ज्ञानदेवांवर 'मोगरा फुलला' आणि तुकोबांवर 'तुका आकाशाएवढा' लिहिले. इंद्रायणीचे खोरे त्यांच्या वाक्यांत उतरले आहे हे त्या खोऱ्याबाहेरच्या वाचकालाही दिसते, कारण ते पानावर आहे.

एक दुवा मात्र मी जाणूनबुजून सोपा होऊ दिलेला नाही. औद्योगिक वसाहत आणि पालखीचा मुक्काम एकाच गावात म्हटल्यावर कामगार आणि वारकरी यांना एकच करून टाकण्याचा मोह होतो: पाळीचा भोंगा आणि टाळ, गणवेश आणि पांढरा सदरा. छायाचित्राला हे शोभते. पण कामगाराची आठ तासांची पाळी ही त्याने निवडलेली साधना नाही, आणि वारी ही मजुरी नाही. सुर्वे यांनी आपल्या पहिल्या संग्रहाला 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) हे नाव दिले, तेव्हा वेदान्ताची घोषणा त्यांनी मुंबईतल्या श्रमिकाच्या तोंडी ठेवली, आणि तिथे परंपरेशी सलोख्याइतकेच भांडणही आहे. 'माझे विद्यापीठ' (1966) गाथेजवळ ठेवायचे तर ते या भांडणासह ठेवले पाहिजे. तुकोबांच्या चरित्रात दुष्काळ आहे, बुडालेली सावकारी आहे, इंद्रायणीत सोडलेली कर्जखती आहेत. पैसा माणसाचे काय करतो हे दोघांनाही माहीत होते. त्यावर उपाय कोणता याबद्दल त्यांचे जमणार नाही. त्या लेखात मी त्यांना जमवून घेतलेले नाही. शिवाय सुर्वे गिरणगावचे. पिंपरी-चिंचवडचा कामगार हा वेगळ्या काळाचा, वेगळ्या वस्तीचा, बहुधा खेड्याशी नाते टिकवून असलेला; गिरणगावाचे शब्द त्याच्यावर जसेच्या तसे चढवता येत नाहीत. 2016 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले, तरी गिरणगावाला सुर्वे मिळाले तसा या पट्ट्याच्या यंत्रशाळेला तिचा कवी मिळाला आहे असे मला वाटत नाही. त्यामुळे त्या लेखातला एक कोपरा रिकामा आहे आणि तो तसाच ठेवला आहे.

चिंचवडच्या क्रांतिकारक चापेकरांना इथे स्वतंत्र लेख नाही, याचे कारण सांगणे भाग आहे. दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात आपले आत्मवृत्त लिहिले. 18 एप्रिल 1898 रोजी त्यांना फाशी झाली. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले, ते 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. विनोबांची प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली. तुरुंग आणि गीता ही साखळी इतकी चटकन जुळते की तिच्यावर विसंबावेसे वाटत नाही. दामोदरांचे आत्मवृत्त आपण काय केले आणि का केले हे सांगते, 'गीतारहस्य' कर्मयोगाची सिद्धता करते, 'गीताप्रवचने' कैद्यांना रोज जगायला उपयोगी पडेल असे बोलते; तिघांच्या तुरुंगांतली कोठडी, शिक्षा आणि श्रोतेही एक नाहीत. हे फरक नीट मांडायला स्वतंत्र ग्रंथ लागेल. लेखांचा क्रम कसाही लावून वाचावा. फक्त लेखनिकांवरचा लेख देहूरोडवरच्या लेखाच्या आधी वाचलेला बरा, कारण बहिणाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत कोणत्या वह्यांतून आले हा प्रश्न तिथे पुन्हा उपस्थित होतो आणि त्याची तयारी पहिल्या लेखात झालेली आहे.